गुहेतल्या बाहीची शिलाई

सौ. ताईंना, धाकट्या मेहुण्याचा सुई-दोरा खाली ठेवून नमस्कार.

तुमचे गुडघे आता बरे असतील, आणि साडूभाऊंची कंबरही (त्यांच्या नव्या पँटला आत कापड भरपूर सोडलं आहे, तेव्हा वाढली तरी काळजी नको). ही तिकडे सुखरूप पोचलीच असेल. बहिणीची आठवण आली म्हणून आले, असं तिने सांगितलं असेल, तर तसंच समजा. गुहेचं काही बोलली असेल, तर मात्र माझीही बाजू ऐका.

त्या संस्कृती उद्यानातल्या पुतळ्यांचे कपडे मी शिवले, हे तुम्हाला माहीत आहेच (मी ते सगळ्यांनाच सांगितलं आहे). लोहार, कुंभार, दळण दळणारी बाई, सगळ्यांच्या अंगावर माझं काम. पुतळ्यासारखं गिऱ्हाईक नाही, फिटिंगला कधी कुरकुर करत नाही. म्हणून हिला मुद्दाम दाखवायला नेलं. बाहेरचे पुतळे बघेपर्यंत माझी छाती फुगलेली होती. मग गुहा आली. ती मात्र खरी, निसर्गाने केलेली, आणि निसर्गाने तिला एकही खिडकी ठेवलेली नाही. छत डोक्याला टेकतं, कुठून तरी पाणी ठिबकत असतं. मी हिला म्हणालो, भीती वाटत असेल तर परत फिरू. ती नाही म्हणाली, तेव्हा मलाही आत जावंच लागलं.

आत गेल्यावर, खरा अंधार कसा असतो ते दाखवायला गाइडने दिवे घालवले. ताई, डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळेना. (वरचा डोंगर हळूहळू खाली बसत असल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. इतर कोणाला आलं नाही म्हणे.) तेवढ्यात एक गार हात माझ्या मानेवर पडला. मी तो झिडकारला, हात ज्याचा होता त्याला जोरात ढकललं, आणि समोर जी बाही लागली ती घट्ट धरली. बोटांना कफाच्या आतली दुहेरी शिलाई लागली. तशी शिलाई इथे माझ्याशिवाय कोणी घालत नाही. केवढं हायसं वाटलं! आपली शिलाई म्हणजे आपलंच माणूस. त्या बाहीला बिलगून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मला सोडू नकोस गं, मी मरतोय."

दिवे लागले. मी एका मिशाळ व्यापाऱ्याच्या गळ्यात पडलो होतो. गुहेत मुक्कामाला थांबलेला पुतळा तो, आणि त्याचा डगला मीच शिवलेला. ही खाली पडली होती. कोपर खरचटलेलं, दुकानातून विकत घेतलेल्या तयार कोटाची बाही फाटलेली. लोक हसत होते, ही हसत नव्हती.

"पुतळ्याची बाही बरोबर ओळखलीत," ती म्हणाली. "माझी कशी ओळखाल? एक तरी शिवलीत का?"

बाकी इकडे सगळं ठीक. मी घाबरलो वगैरे नव्हतो, अंधारात जरा गोंधळ झाला इतकंच.

आपला,
शिंपी मेहुणा

ता. क. हिच्यासाठी कोट बेतायला घेतला आहे, पण कात्री हातात धरल्यावर लक्षात आलं की हिचं माप माझ्याकडे नाहीच. ती झोपली की खांद्यापासून मनगटापर्यंत मोजून गुपचूप कळवा. कफाला दुहेरी शिलाई घालणार आहे.

पुन्हा ता. क. दुकानातल्या बिनडोक्याच्या पुतळ्यावर चादर टाकली आहे. दिवा लावून झोपतो, तरी डोळा लागत नाही. माप राहू द्या ताई, तिलाच पाठवा. मी इथे घेतो.