ओल्या लाकडाचा करार

धाराशिव,
दि. ८ जानेवारी २०२५

ती. कमलआत्यास,
सृष्टीचा सा. न., रणधीरदादाला नुसताच नमस्कार. वि. वि.

तुमचा फोन खव्याच्या कढईत पडल्याचं दादाकडून कळलं. फोन गेल्याचं वाईट वाटलं, पण तो खवा कुणाला विकला नाहीत ना, एवढं कळवा. दादाच्या फोनवर बोलायचं तर तो शेजारी उभा राहून मिनिटं मोजतो, म्हणून हे पत्र.

डोळ्यांचं ऐकून मात्र जीव खाली-वर झाला. पावसाळ्याच्या आत भट्टीचा धूर बंद झाला नाही तर नजर जाईल, असं बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि तुम्ही ते महिनाभर दडवून ठेवलंत. याबद्दल मी भेटीत भांडणार आहे.

आत्या, विद्यापीठातल्या आमच्या विभागात बिनधुराच्या कढईचा नकाशा तयार आहे. वाफेवर तापते, उलथनं आपोआप फिरतं. पहिली कढई तुमच्या बचत गटालाच द्यायची ठरली आहे. विद्यापीठानं नकाशा द्यायचा, सोलापूरच्या रुद्रेश नावाच्या कारखानदारांनी कढई घडवायची, सरकारी योजनेच्या साहेबांनी शेड आणि वीज द्यायची. बेचाळीस पानांचा इंग्रजी करार दिवाळीपासून तयार आहे. तिघांनाही तो मान्य आहे, पण सही एकाचीही नाही. आमचे सर म्हणतात आधी कारखान्याची, कारखाना म्हणतो आधी सरकारची, सरकार म्हणतं आधी विद्यापीठाची. एकतीस मार्चला निधी परत जाईल. मी रोज तिघांना फोन करते आणि तिघंही मला दुसऱ्या दोघांची ख्यालीखुशाली विचारतात.

तोवर डोळ्यांना जपा. मायेत खाडा पडू देऊ नका.

तुमची,
सृष्टी

---

सोनारी, ता. परंडा,
दि. १९ जानेवारी

चि. सृष्टीस आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

खवा विकला न्हाय. रणधीरनं खाल्ला. त्याला काई झालं न्हाय.

धूर लागू नये म्हणून म्या त्याचा मोटारसायकलीवरचा गॉगल घालून भट्टीवर बसते. दूध घालायला आलेली शरणम्मा दारातूनच माघारी गेली. कमलबाईच्या घरी कुणी साहेब बसलाय म्हणून गावभर सांगितलं तिनं.

तुझ्या करारात घोडं कुठं अडलंय ते मला एका वाचनात कळलं. तुझ्या बापाच्या लग्नात हेच झालं व्हतं. पोरगी पसंत, पोरगा पसंत, पण आधी कुणी बोलायचं यावर दोन्हीकडची मंडळी येडशीच्या टेशनावर समोरासमोर बाकड्यावर तासभर गप बसली. शेवटी आमच्या आबांनी तिथंच जाजम अंथरलं, समद्यांना त्यावर बसवलं आन् यादी लिहायला घेतली. कुणी काय द्यायचं, कुणी काय करायचं. यादी झाल्याबिगर जाजम सोडायचं न्हाय आन् चहा मिळायचा न्हाय. अर्ध्या घंट्यात बलभीमचं लग्न ठरलं.

तुमी बेचाळीस पानं लिवली, पण यादी केली न्हाय. तिघांना हितं आण. खवा चाखायला बोलावलंय म्हण.

तुझी,
कमलआत्या

---

धाराशिव,
दि. १० फेब्रुवारी

ती. आत्यास,
घाबरलेल्या भाचीचा सा. न. वि. वि.

तिघंही येत आहेत. बावीस तारखेला. मी आयुष्यात पहिल्यांदा धडधडीत खोटं बोलले. प्रत्येकाला सांगितलं की बाकीच्या दोघांनी होकार दिला आहे, तुमचीच वाट बघतायत. दहा मिनिटांत तिन्ही होकार आले. कागदावर याला ‘प्रकल्पस्थळाची पाहणी’ म्हटलं आहे.

मला मात्र येता येणार नाही. विद्यापीठाच्या गाडीत सर, सरांचे सर, फोटोग्राफर आणि नऊ फुटी बॅनर. बॅनरला जागा आहे, मला नाही. कढईचा नकाशा मी काढला, हे तुम्हाला ठाऊक आहे तेवढं पुरे. तरी दिवसभर रडू येत होतं, ते तुम्हाला सांगायचं नाही तर कुणाला?

हात जोडून विनंती, त्यांना व्याही म्हणू नका. अक्षता नकोत. आणि चहा वेळेवर द्या.

लोभ आहेच, तो त्या दिवशी जरा आवरता घ्या.

तुमची,
सृष्टी

---

सोनारी,
दि. २४ फेब्रुवारी

चि. सृष्टीस आशीर्वाद, आन् बातमी चांगली. वि. वि.

अक्षता टाकल्या न्हाईत. व्याही मातर म्हणले, तोंडात तेच आलं. तुझे सर म्हंजी पोरीकडचे, रुद्रेश पोराकडचा. सरकार मामा. मामा उशिराच येतो, तसा आला.

म्या जाजम भट्टीच्या खोलीतच अंथरलं. बाभळीची लाकडं रात्रभर पाण्यात भिजवून ठेवली व्हती, ती चुलीत सारली आन् रणधीरचा गॉगल घालून बसले. नाक दाबल्याबिगर तोंड उघडत न्हाय. धूर असा भरला की बॅनरवरची अक्षरं दिसंनात. साहेब खोकत उठाय लागले, तर म्या म्हणले, यादी झाल्याबिगर जाजम सोडलं तर आमच्याकडं अपशकुन धरत्यात. बसले बिचारे. म्हणले, बाई, तुम्ही रोज यात कशा बसता? म्या म्हणले, म्हणून तर तुमाला बोलावलं.

दुधाच्या वहीतलं पान फाडून रुद्रेशनंच लिवलं. एक, नकाशा विद्यापीठाचा. दोन, कढई कारखान्याची. तीन, शेड आन् वीज सरकारची. तीन ओळींत समदं आलं. सहीला परत तीच रड, आधी तुमी, आधी तुमी. मग म्या तीन कागद केले, तिघांच्या हातात तीन पेनं दिली आन् एकदम सह्या करा म्हणले. मग कागद फिरवले. पहिली सही कुणाची ते गावच्या कालभैरवालाबी सांगता येणार न्हाय.

कागद करताना चौथी ओळ म्या घातली. डोळं पुसत कुणी वाचली न्हाय. तू वाच.

तुझी,
कमलआत्या

---

धाराशिव,
दि. २ एप्रिल

ती. आत्यास,
यावेळी खरोखरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमची यादी बेचाळीस पानांना ‘परिशिष्ट अ’ म्हणून जोडली गेली. यादीवर सह्या आहेतच म्हटल्यावर करारावर सह्या करायला कुणाचा हात अडला नाही. अठ्ठावीस मार्चला काम झालं. निधी वाचला. रुद्रेशनी पत्रा कापायला घेतलाय.

सरांनी पुण्याच्या एका परिषदेत ‘सोनारी प्रारूप’ म्हणून भाषण केलं. ओल्या लाकडांचं वर्णन त्यांनी ‘समान अडचणीच्या वातावरणात भागीदारांची एकत्र बैठक’ असं केलं. टाळ्या पडल्या. एका पाहुण्यांनी विचारलं, हे वातावरण इतर जिल्ह्यांत निर्माण करायला किती खर्च येईल. सर म्हणाले, अभ्यास चालू आहे.

चौथी ओळ वाचली. विभागातल्या सगळ्यांनी वाचली. उद्घाटनाला येते तेव्हा बोलू.

तुमची,
सृष्टी

---

सोनारी,
दि. ११ मे

चि. सृष्टीस,
पोटभर आशीर्वाद, अजून शिल्लक हायत. वि. वि.

तू परवाच येऊन गेलीस, तरी लिवते. बोलायचं राहून गेलं.

कढई झ्याक चालती. बायका दुपारी नुसत्या बघाय येत्यात. उलथनं आपलं आपण फिरतंय आन् माझं हात रिकामं, म्हणून कायतरी निवडत बसते. खवा थोडा जास्त पांढरा व्हतोय, त्याचं तू बघ. डॉक्टरनं डोळं तपासलं, म्हणला उतार हाय. गॉगल रणधीरला परत दिला, त्याला आता खव्याचा वास येतोय म्हणून घालत न्हाय.

‘चार, विद्यापीठाची गाडी सोनारीला येईल तवा सृष्टीला पुढची जागा.’ तिघांनी सह्या केलेल्या पानाची तू आणलेली झेराक्स म्या देवघरात लावलीय.

उद्घाटनाला गाडी वेशीत वळली तवा म्या दारात उभी व्हते. पुढच्या दारातून तू उतरलीस. मागून तुझे सर उतरले, बॅनर मांडीवर घेऊन. त्या दिवशी भट्टीत धुराचा टिपूस नव्हता. तरी डोळ्याला धार लागली माझ्या. तू विचारलंस तवा म्या धूर म्हणले.

तुझी,
कमलआत्या