हजेरीपटावरची दया

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥

दापोडी, ६ जानेवारी २०२५

ती. उद्धवकाकांस निशिगंधेचा सा. न. वि. वि.

श्रीकृपेने आम्ही सारे सुखरूप आहोत. काकूंचा गुडघा कसा आहे? फोनवर आपल्याला ऐकू येत नाही, आणि आजची गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही; म्हणून हे पत्र.

यंदा आमच्या पालिकेच्या शाळेत आठवीला डेटा सायन्स शिकवायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. संगणक चार, त्यांतले दोन चालू. तेव्हा मुलांना म्हटले, आधी कागदावर मोजायला शिकू. सहा आठवडे त्यांनी रोज वर्गाची हजेरी स्वतः मोजली. हजर असलेल्या प्रत्येकासाठी आलेखाच्या कागदावर एक ठिपका. परवा तो कागद शाळेच्या हजेरीपटाशी ताडून पाहायला सांगितले. ही बुद्धी मला कशी झाली, देव जाणे.

हजेरीपट भरलेला, मुलांच्या कागदावर मात्र कित्येक मुलींच्या ओळी एक दिवसाआड रिकाम्या. त्यांच्या गल्लीत पाणी त्याच दिवशी सकाळी येते. पिंकीने विचारले की बाई, मी तर तेव्हा हंडे भरत होते, मग इथं माझ्या जागी बसलं कोण? पोरे खो खो हसली. मला हसू आले नाही. वर्गशिक्षिका मी; ते सारे ‘ह’ माझ्याच हातचे. हजेरी कमी पडली तर पटावरून नाव उतरेल, म्हणून मुलीच्या नावापुढे गैरहजेरी मांडू नये, हे मी शिक्षिका झाले तेव्हा आपणच, स्वतःच्या मास्तरकीतून, मला शिकवले होते.

वीस तारखेला प्रदर्शन आहे. मुख्याध्यापक सोपानराव म्हणतात की पोरांचा कागद कपाटात जाऊ द्या. तो लावलात तर आधी तुमचीच नोकरी जाईल. लावला नाही, तर उद्या पिंकीपुढे कोणत्या तोंडाने उभी राहू?

लोभ आहेच; आज तो थोडा अधिक लागणार आहे.

आपली,
निशिगंधा

चाकण, ९ जानेवारी

चि. निशिगंधेस अनेक शुभाशीर्वाद.

काकूंचा गुडघा दुखतो; जीभ ठणठणीत आहे. सोपानराव व्यवहाराचे बोलले. दयेपोटी केलेल्या नोंदीस पाप समजू नये. परपीडा टाळणारे असत्य शास्त्रकारांनीही क्षम्य मानले आहे. कागद यंदा ठेवून दे. मुलांना वाहने मोजायला लाव. आमच्या चौकात ट्रक मोजायला बसली, तर दहावी होईपर्यंत उठणार नाहीत.

तुझा काका,
उद्धव

चाकण, ११ जानेवारी

चि. निशिगंधेस आशीर्वाद.

मागचे पत्र फाडून टाक. दोन दिवस जपाला बसतो आणि माळ मध्येच थांबते. काकूंनी दोनदा विचारले, काय हरवले आहे? सांगता आले नाही, तुला सांगतो.

मी शिकवत असताना माझ्या सातवीच्या वर्गात नीला नावाची मुलगी होती. ती महिनोन्‌महिने येत नव्हती. मी तिला रोज हजर मांडले आणि या पुण्याचा मनोमन अभिमान बाळगला. पटावर ती हजर, म्हणून तिच्या घरी कुणी गेले नाही, मीही नाही. वर्ष सरताना कळले की तिचे लग्न लावून तिला दूर धाडले होते. माझ्या पटावर ती लग्नाच्या दिवशीही हजर होती.

क्षम्य असत्य दुसऱ्याला वाचवते. माझ्या असत्याने वाचले ते केवळ तिच्या दारापर्यंत जाण्याचे माझे कष्ट. तुला शास्त्राचा आधार दिला, तो हे झाकण्यासाठी.

कागद लाव. भीती वाटेल, मला इथे बसूनही वाटते आहे.

तुझा काका,
उद्धव

दापोडी, २२ जानेवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

कागद लावला. खाली स्वहस्ते लिहिले की हजेरीपटातील नोंदी खोट्या आहेत आणि त्या वर्गशिक्षिकेने केल्या आहेत. सोपानराव दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पाहुणे यायच्या आधी मात्र शिपायाला म्हणाले, त्या कोपऱ्यातला दिवा लाव, बाईंचा कागद दिसत नाही. आज पालिकेच्या शिक्षण कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस हाती पडली. उत्तराला सात दिवस आहेत.

काल पिंकीच्या नावापुढे प्रथमच ‘गै’ मांडला. मग वर्गात जीव लागेना. शाळा सुटताच तिच्या घरी गेले. तिची आई कस्तुराबाई पहिली शिफ्ट करून नुकतीच कंपनीतून आली होती. दोन शब्द सुनवायचे म्हणून गेले होते; त्या आधीच म्हणाल्या, सातवीपासून कुणी इचारायला आलं न्हाई बाई, आमाला वाटलं शाळेला चालतंय.

पाण्याच्या दिवशी शेजारीण हंडे भरील असे तूर्त ठरले आहे. ते किती दिवस टिकते ते पाहायचे. इतर मुलींची घरे अजून राहिली आहेत.

आपली,
निशिगंधा

चाकण, २५ जानेवारी

चि. निशिगंधेस अनंत आशीर्वाद.

नोटिशीच्या उत्तरात माझे नाव लिही. ही रीत उद्धव गुरुजींनी शिकवली असे स्वच्छ लिही. सोमवारच्या बसने मी स्वतः येतो, तुझ्याबरोबर कार्यालयात उत्तर द्यायला. साहेब रागावले तरी मला ऐकू येणार नाही, तेवढी सोय आहे. कार्यालयातून निघाल्यावर उरलेल्या मुलींच्या घरी आपण दोघे जाऊ. नोकरीचे काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि खोटा दिलासा आता देववत नाही.

हे पत्र वर्गात वाचून दाखव. जे ऐकतील, आणि पुढे कधी हाती पडून जे वाचतील, त्या सर्वांचे प्रभू कल्याण करो. आणि ज्या दिवशी त्यांची जागा रिकामी दिसेल, त्या दिवशी त्यांना शोधत कुणीतरी दारी येवो.

तुझा काका,
उद्धव