आरहूसमध्ये हरवलेलं कानातलं

शनिवार, २ मार्च
निघालो एकदाचे! एंटेबे विमानतळावर जाज्जा एरुकाना, सगळ्यांचे आजोबा, आमच्याही आधी हजर. पांढऱ्या पायघोळ कांझूवर कोट चढवलेला, हातात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुरचुंडी. "तिकडे खायला घालतात की नाही कोण जाणे!" मुकोनोच्या व्हॅनिला पिकवणाऱ्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष, पण थाट असा की नातवाच्या लग्नाला चाललेत.

आमच्या व्यापार परिषदेचं कामच हे. वकिलातीला जे जमत नाही ते व्यापाऱ्यांनीच परस्पर जमवायचं. आम्ही फक्त दारं ठोठावायची, मी दुभाषी म्हणून बरोबर. हे दार आरहूसचं, डेन्मार्कमधलं. तीन वर्षांचा करार झाला तर सोसायटीला दारावरच्या दलालांची मनधरणी करावी लागणार नाही.

धाकट्या फेडेरेसीने निघताना स्वतःचा हार माझ्या गळ्यात घातला. "देशाची अब्रू घेऊन चाललीस ताई, आणि अंगावर गुंजभर काही नाही!" आईचा दागिने वर्ज्य मानणारा कडक धर्म माझ्या वाट्याला आला, शेंडेफळ सुटलं.

सोमवार, ४ मार्च
घात झाला.

सकाळी हॉटेलच्या दिवाणखान्यात जाज्जा जिना उतरून आले आणि माझे गुडघे टेकले. मी टेकले नाहीत, ते आपले आपण टेकले — चालायला लागल्यापासूनची सवय! "झोप लागली का पोरी?" "लागली जाज्जा. तुम्हाला?" "थंडी फार गं. घरी सगळे बरे?" आमची विचारपूस काय दोन शब्दांत उरकते थोडीच! मी आपली गालिच्यावर, गोमेसी झग्याचा घोळ सावरत, सगळी उत्तरं देतेय. मान वळवली तर मागे बिर्गिटे लाउरित्सेन. व्हॅनिला घेणारी कंपनी हिची. आम्हाला न्यायला स्वतः आलेली. चेहरा असा, की काहीतरी भलतंच पाहिलं!

आमच्या परिषदेचे अध्यक्ष तुमुसिगे साहेब एका ढांगेत मध्ये. "हिचं कानातलं पडलं होतं!"

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सापडलं का?"

"सापडलं," मी म्हणाले. का म्हणाले? देव जाणे.

दुपारी सह्या व्हायच्या होत्या. झाल्या नाहीत. "थोडा विचार करायचाय. गुरुवारी बसू."

मंगळवार, ५ मार्च
साहेबांनी न्याहारीलाच झाडलं. "घरी टेक, चर्चमध्ये टेक, शेतात लोळण घे! इथे तू देशाची प्रतिनिधी आहेस प्रॉस्कोव्हिया. त्यांना वाटणार, आम्ही बायकांना रांगायला लावतो!" मग आवाज उतरला. "दोन वर्षं या बाईच्या मागे आहे मी."

माणूस वाईट नाही. म्हणून जास्त लागलं.

ठरलं — इथे असेपर्यंत गुडघे टेकायचे नाहीत. हात मिळवायचा, गोऱ्यांसारखा.

बुधवार, ६ मार्च
मिळवला हात. उभ्याने. जाज्जांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. हात हातात दिला, पण बोटं अगदी ढिली.

दिवसभर काही खाल्लं नाही. जेवायला काळा पाव आणि खारवलेला मासा. मी म्हटलं त्यामुळे जेवत नसतील. संध्याकाळी शेंगदाण्यांची पुरचुंडीही उघडली नाही तेव्हा कळलं, कारण वेगळंच आहे.

"पोरी, माझं काही चुकलं का?" त्यांनीच विचारलं. "का घरून वाईट बातमी आलीय, आणि तू लपवतेयस?"

"काही नाही जाज्जा."

"मग मी मेलो की काय? जिवंत माणसाला अशी कोणी भेटतं?"

रडू आवरेना. सगळं सांगून टाकलं. बाईंचा चेहरा, साहेबांची थाप, माझं 'सापडलं'. ऐकता ऐकता त्यांनी पुरचुंडी सोडली आणि मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. "इतकंच ना? खा."

गुरुवार, ७ मार्च
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

बैठक सुरू झाली आणि जाज्जा उभे राहिले. साहेबांनी खुणावलं, बसा. बसले नाहीत. बोलायला लागले, आमच्या भाषेत. इंग्रजी करायला मी.

"बाईंना सांग, ही मुलगी माझ्यापुढे गुडघे टेकते. मी कधी टेकायला लावले नाहीत. आमच्याकडे लहानाने मोठ्याला असंच विचारायचं असतं, झोप लागली का, घरी बरं आहे का. माझी आई होती तोवर मीही तिच्यापुढे असाच बसायचो. आमची व्हॅनिलाची फुलं बायकाच हाताने फळवतात, काडीने, सकाळी सकाळी. सोसायटीची तिजोरी माझ्या सुनेकडे. या कोटासाठी तिच्यापुढे हात पसरला, तर म्हणाली, जुना आहे की! तिला कोणी रांगायला लावून दाखवावंच!"

मी सांगत गेले. कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत.

मग जाज्जा माझ्याकडे वळले. "राहिलं कानातल्याचं. ते माझं नाही, तुझं आहे. सांगायचं असेल तर सांग."

आणि बसले!

इथे आमची भाषा कळणारे फक्त आम्ही तिघं. मी 'आभारी आहोत' म्हणून संपवलं असतं तर कोणाला काय कळणार होतं? साहेबांनी टेबलाखाली माझ्या पायावर बूट ठेवला. तो दाबला. मला मुकोनोच्या बायका दिसत होत्या, आणि बूटही जाणवत होता.

"कानातलं पडलं नव्हतं," मी म्हणाले. "सापडलं म्हणाले, ते खोटं होतं. मी गुडघेच टेकले होते."

बाईंनी फाईल मिटली. "आम्ही कळवू."

शुक्रवार, ८ मार्च
महिला दिन. विमानात हवाईसुंदरीने प्रत्येक बाईला गुलाब दिला. साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी दुभाषा वेगळा नेऊ." गुलाब तिथेच सीटच्या खिशात राहिला.

मंगळवार, १९ मार्च
अजून काही नाही.

जाज्जांचा फोन. दलाल फाटकाशी येऊन बसलाय. व्हॅनिलाच्या शेंगा अजून हिरव्याकच्च, जूनशिवाय तयार व्हायच्या नाहीत. पण चोरांची भीती आणि करारही नाही, म्हणून लोक कच्च्याच तोडून द्यायला निघालेत. "मी दारोदार फिरून थांबवतोय पोरी. माझ्या शब्दाला किती दिवस मान देतील?"

सॉरी म्हणाले. माझ्या खरेपणाची किंमत त्यांच्या वेलींनी का द्यायची?

मंगळवार, २६ मार्च
बाईंचा फोन आला, खुद्द मला. कागद सही होऊन निघालेत, तीन वर्षांचे!

मी गुडघ्यांबद्दल काहीतरी बोलायला लागले, तर म्हणाल्या, "गुडघ्यांचं मला काही वाटलं नव्हतं, नवल तेवढं वाटलं. माझी आजी पाद्रीबुवांपुढे तशीच वाकायची. पण तुझ्या कानांना भोकंच नाहीत! एवढ्याशा गोष्टीत जी माणसं खोटं बोलतात ती कच्च्या शेंगा पिकल्या म्हणून पाठवणार नाहीत कशावरून? गुरुवारी तू बोलली नसतीस तर मी सही करणार नव्हते."

मी आरशापुढे जाऊन दोन्ही कान चाचपले. मग भाड्याच्या मोटारसायकलची बोडा पकडून थेट मुकोनो. जाज्जा वेलींच्या वाफ्यात उभे होते. मी तिथेच लाल चिखलात गुडघे टेकले, बातमी सांगायला तोंड उघडलं.

जाज्जांनी खाली वाकून पाहिलं.

"काय गं, कानातलं पडलं वाटतं?"