दोन वेढ्यांचा चाळ

१० ऑगस्ट १९८६, रविवार

देवळात वाडीची मीटिंग. विषय: गणपतीतला जाखडी नाच. मुंबईकर मंडळी येणार. गौरीपूजनाच्या दुपारी नाच, तोही आमच्याच खळ्यात. मी उभा राहून जाहीर केले की यंदा पुढच्या जागी मी नाचणार, आणि उजव्या पायात बाबांचा घुंगरांचा चाळ बांधून नाचणार. सगळे एकमेकांकडे बघू लागले. बाबाजी आजोबा खोकले. चुलतभाऊ भिवा जमिनीकडे बघत राहिला. माझ्या शब्दाला वाडीत एवढे वजन आहे हे आजवर ध्यानात आले नव्हते.

वय ५१ पूर्ण. पण हेडक्लार्क माणूस सदा बसून असतो, त्यामुळे पाय फारसे वापरलेलेच नाहीत. जवळजवळ नवे आहेत.

११ ऑगस्ट, सोमवार, संध्याकाळी ६

सौ. विहिरीवर गेलेली पाहून माळ्यावर चढलो. अंधार. मोडके जू, जुने इरले, त्यामागे फडक्यात गुंडाळलेला चाळ मिळाला. रुंद कातडी पट्टा, टपोरी पितळी घुंगरं. वास घेतला. बाबांच्या घामाचा वास अजून तसाच आहे. डोळ्यांत पाणी आले.

बाबांचा पाय केवढा असेल! मला पट्ट्याचे दोन वेढे द्यावे लागले. तशी माणसे आता होत नाहीत.

निर्णय: रोज अर्धा तास रिकाम्या गोठ्यात प्रॅक्टिस. टॉप सिक्रेट. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून घुंगरांवर जुने बनियन गुंडाळले आहे. ते आता गौरीच्या दिवशीच काढायचे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

प्रॅक्टिस उत्तम. उजवा घोटा दुखतो. कारण समजत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

राष्ट्रगीत डाव्या पायावर म्हटले. घोट्याला सूज. बसची पायरी अलीकडे उंच केलेली दिसते. उद्यापासून फूटपट्टी नेऊन मोजणार.

१६ ऑगस्ट

मोजली. पायरी आहे तेवढीच आहे. कंडक्टर मोठ्याने काहीतरी बोलला. लिहिण्यासारखे नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

आंबेहळदीचा लेप. सौ.ने विचारले, पायाला काय केलंत? म्हटले, काही नाही. खरेच काही केलेले नाही. प्रॅक्टिस ही काही करण्यात धरता येत नाही. लेप ओला असतानाच चाळ बांधावा लागला, कारण ती विहिरीवरून लवकर येते. पट्टा पिवळा झाला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

स्टँडजवळच्या डॉक्टरांकडे. त्यांनी घोटा दाबला, मी ओरडलो. विचारले, पायात काही जड घालता का? म्हटले, चप्पल. त्यांनी चप्पल हातात घेऊन तोलून बघितली. हलकी निघाली. म्हणाले, मग कळत नाही बुवा. दहा वर्षे शिकून यांना कळत नाही, मग मला कसे कळावे? क्रेप बँडेज आणि विश्रांती सांगितली.

बँडेजचा फायदा ताबडतोब दिसला. चाळ घसरत नाही.

घरी आलो तो ओटीवर निर्गुडीचा पाला. भिवाने आणून ठेवला, शेक घ्या म्हणून. याला माझ्या घोट्याची एवढी काळजी का? हा तोच भिवा, ज्याने तीन वर्षांपूर्वी नांगरणीला बैल दिले आणि अजून सौ.ला विचारतो की मोऱ्याची एक वस्तू तुमच्याकडे राहिली आहे का. मोऱ्या म्हणजे त्याचा बैल. बैलाच्या अशा वस्तू असतात तरी किती! आमच्या घरात दुसऱ्याची वस्तू राहत नाही. ऑफिसचे स्टॉक रजिस्टर मी अकरा वर्षे सांभाळले आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

मेडिकल लीव्हवर. अर्जात लिहिले: अज्ञात कारणामुळे घोटेदुखी. घरी असल्याने प्रॅक्टिस दोन वेळा होते, सकाळी आणि संध्याकाळी. दुखणेही दुप्पट झाले आहे. यावरून सिद्ध होते की कारण घरातच आहे.

संशयित: मोरीतला उंच दगड, जेवायचा पाट, सौ.ची उडदाची आमटी. आमटी वातूळ असावी. बंद करायला सांगितली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आमटी बंद होऊन तीन दिवस झाले. घोटा तसाच. सौ. बोलत नाही. भात नुसत्या ताकाशी जेवतो. आमटीही गेली आणि दुखणेही राहिले. पण शास्त्रीय पद्धतीने एक एक कारण कमी करत गेले पाहिजे.

३० ऑगस्ट, शनिवार

पहाटे प्रकाश पडला. करणी. भिवाने केलेली.

पुरावे: (१) मीटिंगमध्ये मी बाबांच्या चाळाचे नाव काढताच त्याने मान खाली घातली. (२) गेली पाच वर्षे पुढच्या जागी तोच नाचतो. (३) निर्गुडी. पाला परसात नेऊन फेकला. सौ.ला संशय बोलून दाखवला तर ती दोन दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाली, भिवाभावजींसारखा माणूस तुम्हाला दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. करणी किती खोल गेली आहे ते यावरून कळते.

मी सुशिक्षित माणूस आहे, असल्या गोष्टी मानत नाही. पण दुसरे कारण शिल्लक उरलेले नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

बाबाजी आजोबांना भेटलो. वाडीच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणी तेच घालतात. चतुर्थीला आमच्या गणपतीपुढे माझ्या घोट्यासाठी गाऱ्हाणे घालायचे ठरले. आजोबांनी विचारले, रावजी, चाळ खरोखर तुझ्याकडं हाय? म्हटले, त्या दिवशी देवापुढे ठेवतो, डोळ्यांनी बघा. ते बराच वेळ माझ्या पायाकडे बघत बसले. भिवाचे नाव मी घेतलेले नाही. देव घेईल.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी, दुपार

हे लिहून टाकतो म्हणजे सुटलो.

पूजा झाली. सगळी वाडी ओटीवर. बाबाजी आजोबांनी गाऱ्हाणे सुरू केले. ह्येच्या पायाला कोनी काय केला आसंल, कोनाची चीज कोनाकडं ऱ्हायली आसंल, तं ती उजेडात आन रं म्हाराजा. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. सर्वांत मोठ्याने भिवा. मनात म्हटले, काय निर्ढावलेला माणूस आहे.

मी पुढे झालो. फडके सोडले, बनियन काढले आणि पट्टा देवापुढे ठेवला. घुंगरं पहिल्यांदाच मोकळी वाजली. शेजारच्या गोठ्यातून मोऱ्या हंबरला. एकदा नव्हे, तीनदा.

भिवाने खाली वाकून पट्टा उचलला. पिवळा डाग अंगठ्याने पुसला. "दादा, ह्यो तं आमच्या मोऱ्याच्या गल्यातला पट्टा," तो हळूच म्हणाला. "तीन वरसां सोदतंय मी."

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

मी म्हणालो, मग बाबांचा चाळ कुठे आहे? भिवाने पुन्हा जमिनीकडे बघितले. शेवटी सौ. माजघराच्या दारातून बोलली. "मामंजींनी आपल्या हातानं भिवाभावजींच्या पायात बांदलानी. तुमाला बोलावना धाडलेला. तुमी आला नाय."

रात्री

नाचाला ये म्हणून पाच वर्षांपूर्वी आलेले बोलावणे आठवले. तेव्हा मी चिपळूणला होतो. बाबाजी आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे मी निरोप घेऊन आलेल्याला सांगितले होते की नाचणे हे रिकामटेकड्यांचे काम आहे. मला तसे म्हटल्याचे आठवत नाही. पण म्हटले असेन. तेव्हा नुकतीच हेडक्लार्कची ऑर्डर हातात पडली होती. बाबा पुढच्याच महिन्यात गेले.

सगळ्या वाडीला ठाऊक होते. पाच वर्षे कोणी एका शब्दाने बोलले नाही. सौ.ला विचारले, तू तरी सांगायचेस. ती म्हणाली, तुम्हाला काही सांगायचे म्हणजे आधी अर्ज द्यावा लागतो.

९ सप्टेंबर, मंगळवार

घोटा पन्नास टक्के बरा. परसातून निर्गुडी शोधून आणली आणि शेक घेतला. मोठी गुणी वनस्पती. आज उडदाची आमटी झाली. दोन वेळा मागून घेतली.

मोऱ्या पट्टा घालून रस्त्याने गेला. त्याला एकच वेढा पुरतो.

११ सप्टेंबर, गौरीपूजन

मी नाचलो नाही. प्रकृतीच्या कारणास्तव, असे मुंबईकरांना सांगितले. त्यांनी काही विचारले नव्हते.

नाच सुरू होण्याआधी भिवा चाळ घेऊन माझ्यासमोर आला. म्हणाला, दादा, तू बांद. मी नको म्हणणार होतो. पण तो पाय पुढे करून उभाच राहिला, आणि सगळे बघत होते. मी खाली बसलो. चाळ जुना, हलका, मऊ झालेला. वास घ्यायची हिंमत झाली नाही. गाठ दोनदा सुटली, पुन्हा बांधली. मंडळींना वाटले असेल, वयामुळे.

भिवा नाचाला गेल्यावर मी कोणी बघत नाही असे पाहून धोतर वर केले आणि स्वतःचा घोटा बघितला. भिवाच्याएवढाच आहे. त्याच्या पायाला चाळाचा एकच वेढा बसला होता. म्हणजे बाबांचा पाय काही एवढा मोठा नव्हता. माझ्या पायाएवढाच होता.

नाच चांगला झाला. सोमवारपासून ऑफिसला हजर होणार. हजर होण्याच्या अर्जात दुखण्याचे कारण भरायचा रकाना अजून कोराच आहे.