दर रविवारी तुझं नाव

प्रिय,

नुसतंच 'प्रिय' लिहिलंय. पुढे तुझं नाव लिहायला गेलो आणि पेन अडलं. ज्या नावावरून कॉलेजच्या कँटीनमध्ये मी दोघांच्या कॉलरी धरल्या, ते आज कागदावर उतरेना, आणि इथे मात्र हॉलभर माणसं दर रविवारी ते मोठ्यांदा घेतात. तुला न विचारता. दचकू नकोस, सांगतो. पण माझी सांगायची तऱ्हा तुला ठाऊक आहे, सगळ्या गावाला वळसा घालून मग घर. तेवढा धीर धर. पत्र फाडायचं असेल तर वाचून फाड, न वाचता नको.

मी एका लहानशा शहरात आहे. एक मोठा रस्ता, त्याला फुटलेल्या चार गल्ल्या आणि ज्याला त्याला दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते माहीत. काचेच्या दुकानात काम करतो. खिडक्यांची तावदानं, आरसे, फोटोंच्या चौकटी. मालकांना सगळे मामा म्हणतात, ते सख्खे कोणाचेच नाहीत. सुरुवातीला त्यांनी मला काच कापूच दिली नाही. म्हणाले, तुझ्या हातात राग आहे बाबा, आधी पुसायला शीक. काच कापायचा हिरा एकदाच फिरवायचा असतो, सारख्या दाबाने, न थांबता. त्याच रेघेवरून पुन्हा फिरवलास की काच वाटेल तिथे तडकते. मी हमखास पुन्हा फिरवायचो. मामा डोक्याला हात लावायचे आणि म्हणायचे, अरे झालं ते झालं, आता सोड तिला! आता जमतं. हातावर वण आहेत थोडे.

खोली इस्त्रीवाल्याच्या दुकानावर आहे. दिवसभर खालून गरम कपड्यांचा वास येतो आणि लादी इतकी तापते की थंडीत मजा, उन्हाळ्यात शिक्षा. आईचा फोन येतो. परीक्षेला पुन्हा बसशील का, एवढं एकच वाक्य ती दहा प्रकारे विचारते. बाबा फोन हातात घेत नाहीत, पण आई बोलत असताना मागून खोकतात. तो खोकला माझ्यासाठी असतो. मीही इकडून खोकतो. बापलेकांचं सध्या एवढंच चालू आहे.

आता हसू नकोस. मी चर्चमध्ये जातो. मी! तू आत असायचीस तेव्हा फाटकाबाहेर स्कूटरवर बसून घड्याळ बघणारा मी. तू म्हणायचीस, आत ये, कोणी खाणार नाही तुला. मी म्हणायचो, तुझ्या देवाची नि माझी ओळख नाही, उगाच बिनबोलावता कशाला जाऊ. आणि आता तू बोलवायला नाहीस तर आपल्या पायांनी गेलो. असा उफराटा माणूस.

झालं ते असं. इथे आलो त्या सुरुवातीच्या दिवसांत रविवार अंगावर यायचा. दुकान बंद, ओळखीचं कुत्रं नाही. एका सकाळी खोलीत जीव घुसमटला म्हणून बाहेर पडलो आणि गोदामांच्या गल्लीत शिरलो. तिथे पत्र्याच्या छपराखालून गाणं ऐकू आलं. तू कॉलेजच्या जिन्यावरून उतरताना गुणगुणायचीस, तेच. शब्द मला कधी कळले नव्हते, चाल मात्र गाढ झोपेतही ओळखीन. तुझ्यापेक्षा बेसूर गात होते, हे सांगितलंच पाहिजे. तरी पाय आत गेले.

आत एक लांबट हॉल. पूर्वी तिथे फर्निचरचं गोदाम होतं. समोरच्या भिंतीवर लाकडाचा साधा क्रूस आणि त्याच्याखाली पुसट झालेली जुनी अक्षरं, 'माल जपून उतरवा'. रंग दिला तरी ती पुन्हा वर येतात म्हणे, मग मंडळींनी नाद सोडला. मी पहिल्या रिकाम्या बाकावर बसलो. तो निघाला गाणाऱ्यांचा बाक. पुढच्या गाण्याला सगळा बाक उठून लोकांकडे तोंड करून उभा राहिला, त्यात मीही. तोंड नुसतं उघडत-मिटत होतो, माशासारखं. पहिल्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई ओढणीत तोंड लपवून हसत होत्या. त्या सिस्टरआजी. आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होत्या, म्हणून अख्खं गाव त्यांना सिस्टर म्हणतं, आणि वय झालं तसं पुढे आजी लागलं.

त्या मंडळींचा एक रिवाज आहे. उपदेश संपला की पाळक विचारतात, कोणाच्या मनावर कोण आहे? ज्याच्या मनावर जे माणूस असेल त्याचं नाव त्याने उभं राहून घ्यायचं, मग सगळ्यांनी ते एकदा म्हणायचं आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायची. कोणी सासूच्या गुडघ्याचं सांगितलं, कोणी भावाच्या ऑपरेशनचं. पाळकांची नजर माझ्यावर आली. नवा माणूस, गाणाऱ्यांच्या बाकावरचा. माझ्या मनावर कोण आहे हे मला जगात कोणी विचारलंच नव्हतं गं. आईनेसुद्धा परीक्षेचंच विचारलं. मी उठलो आणि तुझं नाव घेतलं.

पाळक हळू आवाजात म्हणाले, फार त्रास आहे का? मी म्हटलं, फार. कधीपासून? उन्हाळ्यापासून. काही आशा? मी मान हलवली, नाही म्हणून. हॉलमध्ये कोणीतरी च्‌ च्‌ केलं. मग त्या सगळ्यांनी एकदम तुझं नाव घेतलं. इतक्या आवाजांत ते मी पहिल्यांदा ऐकलं. पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या, एका सर्दी झालेल्या शिंप्याच्या. मी खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. आता तूच सांग, त्यानंतर कोणता शहाणा माणूस त्यांना म्हणेल की पोरगी ठणठणीत आहे, तिने फक्त मला नको म्हटलंय?

म्हणायला हवं होतं. पुढच्या रविवारी ठरवूनच गेलो. तर दारातच सिस्टरआजींनी धरलं. जेवण जातं का तिला? माझ्या तोंडून निघून गेलं, नाही. खरंच जात नव्हतं, मला. झोप? नाही. वजन? उतरलंय. कोणाशी बोलते? कोणाशीच नाही. आजींनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, आणि तू तिच्या नादात आडवा हो, म्हणजे आम्हाला दोन खाटांशी बसायला बरं. त्या दिवसापासून माझा दुपारचा डबा त्यांच्याकडून येऊ लागला. डब्यासोबत चौकशी. आणि लोकरीचा एक स्वेटर सुरू झाला, तुझ्या मापाचा. माप कुठून आणलं विचारतेस? माझ्याकडूनच. माझ्या खांद्याला इथपर्यंत येते, म्हणून हाताने दाखवलं. त्यांनी तेवढ्यावर विणला.

तर अशी मी माणसं मिळवली. तुझ्या आजारपणावर. पाळक आठवडाभर बस चालवतात आणि रविवारी उपदेश करतात. उपदेशही बस चालवल्यासारखाच, सावकाश, म्हाताऱ्यांना धक्का बसू न देता. शिंपी मला पेटी वाजवायला शिकवतो आणि दर धड्याला म्हणतो, तुझी बोटं नाहीत, हातोड्या आहेत. एकदा गाणाऱ्यांतल्या एकाने विचारलं, एवढी आजारी आहे तर तू तिच्यापाशी का नाहीस? मी त्याची कॉलर धरली. सवय कुठे जाते, तू मला माचिस म्हणायचीस ते उगाच नाही. सिस्टरआजींनी भर हॉलमध्ये माझा कान पिरगळला, त्याची माफी मागायला लावली आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, ज्याला जवळ जाता येत नाही तोच असा भडकतो, मी वॉर्डाबाहेर फार बघितलेत.

मग जाड्याचा फोन आला. आपला जाड्या, होस्टेलवरचा. आधी हवापाणी, मग मामाच्या दुकानाची चौकशी, मग घसा साफ केला आणि म्हणाला, लग्न झालं रे तिचं. छान झालं. तू काही करू नकोस. मी काही केलं नाही. फक्त समोरचा आरसा फोडला, गिऱ्हाइकाचा. मामांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मला स्टुलावर बसवलं आणि काचा स्वतः वेचल्या.  ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या रविवारी मी भांडायलाच गेलो होतो. उभं राहून ओरडणार होतो की थांबवा हे, कोणासाठी मागताय, काय मागताय, तुमच्या त्या वरच्याला जरा तरी कळतं का! तोंड सुजलेलं, डोळे लाल. पण मला बघून दारातल्यांनी वाट करून दिली. शिंप्याने हात धरून बसवलं. पाळकांनी त्या दिवशी विचारलंच नाही की कोणाच्या मनावर कोण आहे. त्यांनी स्वतःच तुझं नाव घेतलं, आणि सगळ्यांनी गुडघे टेकले. गुडघा दुखणारी ती सासूसुद्धा, दोघींनी धरून टेकवली. त्यांना वाटलं, तू शेवटच्या घटका मोजते आहेस. ओरडायला आलेला मी त्यांच्याबरोबर गुडघे टेकून बसलो. तुझं लग्न झालं, आणि इथे लोक तुझ्या जिवासाठी रडत होते. त्या आठवड्यात सिस्टरआजींनी तुझ्यासाठी उपास धरला. या वयात. मी पाया पडून सोडवायला गेलो तर म्हणाल्या, तू तुझं काम कर, मला माझं करू दे.

आता त्या स्वतःच खाटेला खिळल्यात. जिथे जन्मभर ड्यूटी केली त्याच हॉस्पिटलात, खिडकीजवळ. उपासाने नव्हे, असं डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं, मी दोनदा विचारलं म्हणून. हृदयच थकलंय. काम सुटलं की मी जाऊन बसतो. डोळे उघडले की पहिला प्रश्न, आहे का रे पोरगी? परवा मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आजी, ती बरी आहे, तिचं लग्न झालं. त्या हसल्या. म्हणाल्या, एवढ्या आजारी पोरीचं लग्न? थाप तरी नीट मारायला शीक. मी म्हटलं, आजारी नव्हतीच हो, कधीच नव्हती, मीच… तर त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाल्या, असंच असतं बघ, नातेवाईक बाहेर भिंतीला डोकं लावून रडतात आणि खाटेपाशी येऊन म्हणतात, सगळं छान आहे. मी कित्येकांना असं बोलायला स्वतः शिकवलंय. मला नको शिकवू. आणि तोंड भिंतीकडे केलं. पहिल्यांदा खरं बोललो, तर ते त्यांनी औषधासारखं बाजूला ठेवलं.

मग पाळकांना गाठलं. बस स्टँडवर रिकामी उभी होती, तीत बसून सगळं सांगितलं. वाटलं, आता खाली उतर म्हणतील, आणि तो हॉलही गेला हातातला. त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाले, नाव घेतलं ते घेतलं, ते काही वाया जात नाही. तू रविवारी ये. पण म्हातारीने असा घोर घेऊन जाता कामा नये. तुझ्या तोंडावर तिचा विश्वास नाही. त्या मुलीकडून काही येईल का?

म्हणून हे पत्र. लायब्ररीच्या पायऱ्यांवर तू म्हणाली होतीस, लिहू नकोस, फोन करू नकोस, मी उत्तर देणार नाही. मी लिहिलं नव्हतं. रागाने कॉलेज सोडलं, तुझा शब्द नाही मोडला. आज मोडतोय, आणि मला उत्तर नको आहे. एका साध्या कार्डावर, तुझ्या हाताने, एवढंच लिही, 'आजी, मी बरी आहे.' खाली तुझं नाव, लग्नाआधीचं, कारण त्या तेवढंच ओळखतात. आजारी होते असं लिहू नकोस, नव्हते असंही नको. तुला खोटं बोलायला कधी जमलं नाही, त्या पायऱ्यांवरसुद्धा नाही, आणि यात खोटं काहीच नाही. स्वेटर पाठवत नाही, घरात काय सांगशील, कोणी दिला म्हणून. पण लवकर लिही. डॉक्टर आता माझ्या प्रश्नांना उत्तर न देता खांद्यावर हात ठेवतात. खालचा पत्ता हॉस्पिटलचा आहे, माझा दिलेला नाही. तू बरी आहेस ना? हे मी विचारत नाही, आजी विचारतात.

लिहायचा हक्क नसताना, तुझाच,
माचिस