चुकलेली चतुर्थी

पुणे,
८ फेब्रुवारी २०२५

ती. गोजरआत्या हिला स्वरालीचा वाकून नमस्कार.

चष्मा डोळ्याला लागतोय ना? जुन्या नंबरावरच करून घेतलाय, दांड्या टोचल्या तर सांग. ही चिठ्ठी मुद्दाम त्याच्या डबीत कोंबलीय. हिंदुरावकाका बावड्याला निघालेत, ते वाटेत कळसला उतरून डबी तुझ्याच हातात देतील, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. एकटी असशील तेव्हाच वाच. फोनवर हे बोलता येत नाही. तुला ऐकू कमी येतं म्हणून नागेशची बायको फोन स्पीकरवर लावून देते आणि शेजारीच भाजी निवडत बसते. बिचारीच्या मनात काही नसतं, पण माझी जीभ तिथंच अडते.

इकडे थंडी ओसरली. मी बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं तर दमलेय. पेशींना सुट्टी नसते, त्यामुळे रविवारीसुद्धा लॅबमध्ये जाऊन त्यांना खाऊपिऊ घालावं लागतं. शेजारच्या टेबलावर मेघना काम करते. ती म्हणते, एवढी सेवा सासूची केली असती तर एव्हाना घर नावावर झालं असतं. पहिल्यांदा हसले होते. आता ती रोज म्हणते आणि मी रोज 'हं' म्हणते.

तुझ्या भावानं, आमच्या अप्पांनी, बावड्यात माझा सत्कार घडवून आणला, तो दिवस आठवला की अजून अंगावर काटा येतो. वेशीत फ्लेक्स, त्यावर माझं हे एवढं तोंड आणि खाली 'एड्सवर मात करणारी बावड्याची लेक'. मी अप्पांना म्हटलं, हे आधी काढा. तर म्हणाले, "आगं, छापून झालंय, आता कुठं काढती!" मग मी माइकवर स्पष्ट सांगितलं, की आम्हाला औषध सापडलेलं नाही, प्लेटमधल्या पेशींत त्या विषाणूची जनुकं थोडे दिवस गप्प राहिली, एवढंच झालंय. लोकांना वाटलं, पोरगी किती नम्र! टाळ्यांवर टाळ्या. तू पहिल्या रांगेत पदर डोळ्याला लावून बसली होतीस. मला वाटलं, कौतुकानं रडतेय.

आणि परवा फोनवर तू म्हणालीस, "ह्या चतुर्थीला मोरगावला न्हाय गेले बग. आता कशाला जायचं? तूच समदं निस्तरलंस की." मागून नागेशची बायको म्हणाली, "बरं झालं, उपास तरी सुटला." मी 'हो का' म्हणून फोन ठेवला. 

तुझे मालक, मानसिंगमामा, गेल्यापासून तू दर संकष्टीला मोरगावच्या गणपतीला जातेस, एवढंच कळसला ठाऊक आहे. गाडी बदलायला बारामतीला उतरायचं, दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या घ्यायच्या, मग दर्शन, आणि परतताना पिशवीत वर प्रसाद, तळाला गोळ्या. इतकी वर्षं पोटच्या पोराला, नागेशलासुद्धा पत्ता लागू दिला नाहीस. मला तेवढं सांगितलंस आणि गळ्याची शपथ घातलीस.

म्हणजे गेल्या चतुर्थीपासून तुझ्या पोटात गोळी नाही. आत्या, आता नीट वाच.

दह्याचं भांडं आपण रितं करतो, विसळतो, तरी कडेला जरासं चिकटून राहतं. दूध ओतलं की पुन्हा विरजतं. तुझ्या अंगात तो रोग तसाच कडेला बसलाय. गोळ्या त्याला पसरू देत नाहीत. त्याला कायमचं गप्प बसवता येईल का, ते आम्ही शोधतोय. सत्कारानंतर आम्ही पेशींना दिलेलं रसायन काढून घेतलं, तर तीच जनुकं पुन्हा बोलायला लागली. मशीनवरचे आकडे बघून मेघना चहा टाकायला गेली. सर म्हणाले, पुन्हा करून बघा. पुन्हा केलं. तेच आलं.

तुला सध्या हलकं वाटत असेल. मळमळ थांबली असेल, दोन घास जास्त जात असतील. त्यावर जाऊ नकोस. अंगाला कळायच्या आधीच तो वाढायला लागतो.

चष्मा, थंडी, फ्लेक्स करत मी इथवर आले. लिहायचं होतं ते वेगळंच. आत्या, ते औषध तुझ्या हयातीत येईल असं मला वाटत नाही. हा विषय का घेतला, असं लोक विचारतात तेव्हा मी सांगते, आवड होती. कसली आवड! तुझ्यासाठी घेतला गं. आणि तुझ्यापर्यंत तो पोचायचा नाही. ह्याचं मला फार वाईट वाटतं, आणि तरी सकाळी उठून मी तिथंच जाते, कारण दुसरं काही मला येत नाही.

मंगळवारी सकाळी मी बारामती स्टँडवर थांबते. तू ये. घरी काय सांगायचं ते तुला मी शिकवायला नको. दवाखान्यातल्या रांगेत तुझ्याबरोबर उभी राहीन. गावचं कुणी भेटलं तर म्हणेन, माझ्या कामासाठी आत्याला सोबत आणलंय. गोळ्या मध्येच बंद केल्या म्हणून डॉक्टर बोलतील, रक्त तपासतील, कदाचित औषध बदलतील. ते सगळं माझ्यावर सोड.

नाही आलीस, तर तिथूनच कळसची एसटी धरीन आणि नागेशला समोर बसवून सगळं सांगीन. शपथ मोडेन. पोरीनं घात केला, असं तुला वाटेल. वाटू दे. पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नको म्हणशील. नाही ठेवणार. पण तेवढं म्हणायला तू असायला हवीस.

तुझ्या शिव्या जन्मभर खायला तयार असलेली,
तुझीच
स्वराली