कॉम्बरोलचं नाव

पॅरिस,
सोमवार, १३ नोव्हेंबर १९६१

लेओनीताई,

म्हणजे पुन्हा मीच! मी पळपुटा, मी पॅरिसला जाऊन शेफारलो, आणि आता दारात पोलीस आले तेही माझ्यामुळे. बाबा गेले त्या वर्षी गवत कुजलं तेव्हाही तू असंच म्हणाली होतीस. निदान आधी विचारायचं तरी, पोरा, जेवतोस का? जेवतो. खोकला गेला. आईचे गुडघे कसे आहेत? तिला यातलं काही सांगितलं नसशीलच.

तू विचारतेस, आपल्या धाकट्या बासिलचं पत्र त्या मासिकात गेलं कसं. मला काय ठाऊक? अल्जीरियाच्या लढाईवर गेलेली हजारो पोरं पत्रं लिहितात. त्यातलं एक कुणीतरी छापलं. त्या अंकाच्या प्रती तर पोलिसांनी दुकानांतून उचलून नेल्या होत्या. आपल्या मास्तरांना टपालाने आलेली नेमकी सुटली, याला मी काय करू?

आणि ते मासिक काढणाऱ्या मस्यू तॉर्सेलना 'तो नास्तिक पुस्तकवाला' म्हणू नकोस. तू त्यांना पाहिलेलं नाहीस, मी तीन वर्षं रोज पाहतोय. सकाळी आठला कॅफेत येतात, काळी कॉफी आणि दोन उकडलेली अंडी घेतात, दुपारपर्यंत लिहितात. जर्मनांच्या छावणीत दोन वर्षं काढलेली, त्यामुळे पाठ कायम भिंतीला. कादंबऱ्यांनी नाव झालं, तत्त्वज्ञानाची पुस्तकं तर मला उचलायलाही जड. मग या लढाईविरुद्ध लिहायला लागले, तशी जुनी मित्रमंडळी त्यांना बघून रस्ता ओलांडते. सप्टेंबरात कुणीतरी त्यांच्या दारात बॉम्ब ठेवला. त्या दिवशीही आले, केसांत चुना. म्हणाले, "फिर्मँ, आज तीन अंडी दे."

मालक मला टोमणा मारतात, "तिकडे फार रेंगाळू नकोस. तू वेटर आहेस की मंत्री?" पण बाराव्या वर्षी शाळा सोडलेल्या मला "तुला काय वाटतं?" असं विचारणारा दुसरा कोण भेटलाय? तूसुद्धा कधी विचारलं नाहीस.

बरं. ते पत्र मीच दिलं.

ऑगस्टात बासिलचं पत्र आलं, आपल्या बोलीत, वरच्यांना वाचता येऊ नये म्हणून. मी ते वाचलं आणि हातातला ट्रे खाली ठेवला. मस्यू तॉर्सेल म्हणाले, "घरचं काही?" मी म्हटलं, भावाचं. तिकडे पकडलेल्या माणसाला बोलतं करायला काय करतात ते लिहिलंय. म्हणाले, "मला फ्रेंचमध्ये सांगशील?" मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. मग म्हणाले, "छापलं तर चालेल? आधी सगळी नावं काढ. माणसांची, गावाची, पलटणीची."

मी काढली, ताई. बासिल काढलं, रूकेत आडनाव काढलं. पण एक ओळ होती: कॉम्बरोलच्या अंगणात डुक्कर कापतानाही लहान पोरांना घरात पाठवतात. कॉम्बरोल हे नाव आहे, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. ते आपलं घर. शाळेच्या हजेरीत नाही, पगाराच्या पावतीवर नाही, इथे कुणी मला त्या नावाने हाक मारत नाही. आणि गावात 'रूकेत कोण?' म्हटलं तर पाद्रीबाबाही डोकं खाजवतील, पण कॉम्बरोलचा बासिल म्हटलं की कुत्रीसुद्धा ओळखतात. मस्यू तॉर्सेलना वाटलं, गावाकडे अंगणाला असंच काही म्हणत असतील. राहिलं.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. पोलिसांनी आईचं नाव विचारलं, इथपर्यंत आलो तर त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मी विचारायला हवं होतं. चूक माझी." तू म्हणतेस तसं करायला तयार आहेत. पुढच्या अंकात छापतील की ते पत्र त्यांनी स्वतः रचलं.

मी म्हटलं, "लोक तुम्हाला खोटारडा म्हणतील."

"ते आताही म्हणतात. पण मग दुसऱ्या पोरांची पत्रंही कुणी खरी मानणार नाही. भाऊ तुझा आहे. तू सांगशील तसं. तेवीस तारखेच्या गुरुवारपर्यंत थांबतो."

सकाळी मी छापा म्हणतो, संध्याकाळी नको म्हणतो. कप धुताना एक वाटतं, पुसताना दुसरं.

अजून एक आहे. शुक्रवारी बासिलचं कार्ड आलं. जिवंत आहे, धडधाकट आहे. कॅप्टनने चौकशी लावलीय, म्हणून तुम्हाला लिहीत नाही. मला दोनच ओळी: "छापलेलं वाचलं. मला त्यातून का वगळलंस?"

त्याच्या पत्रात होतं, "मी त्या माणसाचे पाय धरले होते." मी मस्यू तॉर्सेलना सांगितलं, "दोघांनी पाय धरले होते, आणि मी दारातून पाहिलं." ताई, मला तो पाय धरताना दिसेचना. कॉम्बरोलमध्ये डुक्कर कापायचं असलं की कोठीत लपणारा आपला बासिल! आणि त्याने शेवटी लिहिलं होतं, "हे कुणाला तरी सांग. माझ्याच्याने होत नाही."

मग मी सांगितलं ते कुणाचं? मस्यू तॉर्सेल 'पत्र रचलेलं' म्हणाले तर ते निम्मं खरंच होईल, मीच ते बदललंय. खरं सांगावं तर त्याला फासात अडकवल्यासारखं होईल. गप्प बसावं, तर 'सांग' एवढी एकच गोष्ट त्याने मागितली होती. त्यांना अजून बोललो नाही. त्यांनी विचारलं, "काय ठरलं?" मी म्हटलं, "अंडी अजून उकडतायत."

मूळ पत्र सोबत पाठवतोय. आईसमोर उघडू नकोस. वाच, आणि मग मला शिव्या दे, पण समोर येऊन दे. बोली तुला येते, तो तुझ्या मांडीवर वाढला. मस्यू तॉर्सेलसमोर बसून ते पत्र तू फ्रेंचमध्ये सांग, आणि काय छापायचं तेही. तू सांगशील ते मी मान्य करीन. हे मी तुला आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय.

तुझाच, तू अजून म्हणू देत असशील तर,
फिर्मँ

ता. क. मनीऑर्डर केलीय. बावीस तारखेच्या आत पोच. येण्याचं भाडं, आणि माझ्याशी बोलणं टाकून लगेच परतावंसं वाटलं तर जाण्याचंही: एकशे वीस नवे फ्रँक, आईच्या जुन्या फ्रँकांच्या हिशेबाने बारा हजार.